सोलापुरात नवंकोरं घर: पहिल्या दोन-तीन वर्षांत काय काय होतं? राहणाऱ्यांनी सांगा

कसब्यातली (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर कसब्यात राहतो. आजेसासऱ्यांच्या वेळचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, वाटण्या होऊन चार खण आमच्याकडे आले. मागच्या भिंतीला पोट आलंय. मृगाच्या आधी माळवदावरचं गवत काढून पांढरी माती पसरावी लागते आणि ते काम नीट जमणारी माणसं आता शोधून सापडत नाहीत. गेल्या पावसाळ्यात देवघराचा कोपरा गळायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं ठरलं की आता नवीन घर बघायचं.

सगळ्यांचं म्हणजे सासूबाई सोडून. त्यांचं वय ७६. गुडघे गेलेत, उंबरा ओलांडायलाही हात द्यावा लागतो, पण कसबा सोडायचा नाही म्हणतात. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत हिरेहब्बूंच्या वाड्यातून नंदीध्वज निघतात ते त्यांनी लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही.

जुळे सोलापूरच्या बाजूला एक टू बीएचके पाहिलाय. नवी इमारत, चार मजले, १६ फ्लॅट. आम्हाला दाखवला तो सगळ्यात वरचा. बिल्डर पाडव्याला ताबा देतो म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे विजापूर रोडच्या आत दिरांनी प्लॉट घेऊन ठेवलाय, तिथं दोघांनी मिळून बांधायचं.

जाहिरातीतलं खूप ऐकून झालं. जे स्वतः नव्या घरात राहायला गेले त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही मोकळेपणानं सांगा.

बार्शीलाईट (शनिवार, रात्री १०.०५)

वरचा मजला आहे ना? मग एप्रिल-मेमध्ये भर दुपारी एकदा आणि रात्री अकराला एकदा जाऊन उभ्या राहा. दिवाळीत सगळेच फ्लॅट गार वाटतात.

जुळे_सोलापूरकर (शनिवार, रात्री १०.५०)

ताई, आम्ही असेच पेठेतून नव्या फ्लॅटमध्ये आलो, त्यामुळं तुमचं सगळं डोळ्यासमोर आलं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप आहे. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. जुन्या घरात संडास अंगणापलीकडं, रात्री त्यांना धरून नेणं म्हणजे आईची रोजची परीक्षा. इथं खोलीला लागून संडास-बाथरूम, कमोड, हाताला धरायला दांडी, खाली न घसरणारी फरशी. लिफ्ट असल्यामुळं त्यांना रोज संध्याकाळी खाली आणून बसवता यायला लागलं. ते शेवटची वर्षं माणसात राहिले याचं समाधान मला पैशात सांगता येणार नाही. उंदीर नाहीत, पोपडे नाहीत, विंचवाची भीती नाही. स्वयंपाकघरात आईच्या उंचीचा ओटा करून घेतला, तिची कंबर दुखायची थांबली.

आता त्रास. पहिलं वर्षभर दुसऱ्यांची फर्निचरची कामं चालू असतात. सकाळी नऊला ड्रिलचा आवाज सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत, आणि जिन्यात सिमेंटची, प्लायवूडच्या भुशाची धूळ. नळ, फ्लश, कड्या हे सगळं पहिल्या काही महिन्यांतच काय ते दाखवतं. आमच्या बाथरूमचा उतार जाळीकडं नसून दाराकडं होता. बादलीभर पाणी ओतलं की चादरीच्या गठ्ठ्यापर्यंत यायचं. ताबा घ्यायच्या आधी प्रत्येक बाथरूममध्ये, गॅलरीत, गच्चीवर बादली ओता आणि पाणी कुठं साचतं ते बघा. याला पैसे लागत नाहीत आणि कुणी नाहीही म्हणू शकत नाही.

श्वास_मोकळा (रविवार, सकाळी ७.३०)

घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर रंगकाम आणि प्लायवूडचं काम संपल्यावर लगेच राहायला जाऊ नका. ऑइल पेंट, पॉलिश, प्लायमधला गोंद यांचा वास काही आठवडे येतो आणि तो वास म्हणजे छातीला त्रास देणारी रसायनं. माझ्या मुलाला पहिल्या महिन्यात फार सोसावं लागलं. कपाटांची दारं उघडी टाकून, खिडक्या उघड्या ठेवून घराला चांगलं वारं लागू द्या. प्लाय घेताना ई-वन दर्जाचा मागा, त्यात फॉर्मल्डिहाइड कमी असतं.

निवृत्त_उपअभियंता (रविवार, सकाळी ९.१५)

कसब्यातली ताई, नव्या घराबद्दल लिहायच्या आधी तुमच्या मागच्या भिंतीबद्दल लिहितो, कारण ते जास्त तातडीचं आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मी त्या भागात पुनर्वसनाच्या कामावर होतो. जी घरं बसली त्यांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी फार होती. या भिंतीला दोन तोंडं असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि मध्ये चिखल-दगडगोट्यांची भर. दोन्ही तोंडांना आरपार जाणारे लांब दगड घातलेले नसले की हादऱ्यात बाहेरचं तोंड बाहेर पडतं, आतलं आत पडतं आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर येतं. भिंतीला पोट येणं म्हणजे ही दोन तोंडं एकमेकांपासून सुटायला लागणं. त्यासाठी भूकंपच लागतो असं नाही, एक जोराचा पाऊस पुरतो. तुम्ही नवीन घर घ्या की नका घेऊ, त्या भिंतीलगत कुणालाही झोपवू नका. भिंतीला बाहेरून टेकू द्या. आणि वर्षानुवर्षं मातीवर माती पसरत गेल्यानं माळवदाचं वजन वाढत जातं, तेव्हा यंदा नवीन माती टाकायच्या आधी जुना थर किती झालाय ते खणून बघा.

आता नव्या घराकडं येतो.

आपल्याकडं घराचे दोन वैरी, काळी माती आणि पाण्याची टंचाई. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती हालचाल पायाखाली झाली तर घर हलणारच. पाया काळ्या मातीखाली कठीण मुरमात गेलेला पाहिजे, जोत्यातली भर मुरमाची पाहिजे, थराथरानं पाणी मारून धुम्मस केलेली, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेली. घराभोवती कडेनं फरसबंदी हवी म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. तुमच्या इमारतीचा पाया आता दिसणार नाही, पण खड्ड्यांचे फोटो आणि माती परीक्षणाचा अहवाल मागता येतो. ज्याने काम नीट केलंय तो ते आनंदानं दाखवतो.

दुसरं, पाणी मारणं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी सिमेंटची क्रिया होऊन घट्ट होतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा हवा, उष्ण कोरड्या हवेत किमान १०, आणि हल्ली सर्रास वापरतात त्या पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवसांपर्यंत द्यावा अशी शिफारस आहे. सोलापूरच्या मार्च-एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर चाललेल्या साइटवर हे होतं का, तुम्हीच विचार करा. स्लॅबवर आळी करून पाणी भरलेलं होतं का, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं का, गिलाव्यावर किती दिवस पाणी मारलं, हे तिथल्या वॉचमनला सहज गप्पा मारत विचारा. तो तिथंच राहत असतो, त्याला सगळं माहीत असतं. ज्या भिंतीला पाणी कमी पडलंय तिच्यावरून तळहात फिरवला तर बारीक रेतीचे कण हाताला येतात, खिळा ठोकला तर भुगा पडतो आणि खिळा हलतो.

निवृत्त_उपअभियंता (रविवार, सकाळी ९.४०)

भेगांबद्दल राहिलं. नव्या घरात भेगा दिसल्या की लोक घाबरतात किंवा अगदीच दुर्लक्ष करतात.

केसाएवढ्या, जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्या लांबीनं भरून रंग दिला की झालं. बीम आणि वीटकाम जिथं भेटतं तिथं सरळ आडवी भेग येते, कारण दोन्हींचं तापणं-आकसणं वेगळं. तिथं गिलाव्याच्या आत कोंबडीजाळी मारलेली असली तर येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर-खाली चढत जाणारी भेग मात्र खचण्याची असू शकते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यानंतर बघा, उन्हाळ्याच्या शेवटी बघा. भेग रेघेच्या पुढं गेली असेल तर लेखी कळवा आणि जाणकार अभियंत्याला दाखवा. रेघेपाशीच थांबलेली असेल तर घाबरायचं कारण नाही.

कसब्यातली (रविवार, दुपारी १.२०)

काका, तुमचं वाचून मिस्टर लगेच उठले आणि आईंचा पलंग त्या भिंतीपासून हलवून पुढच्या सोप्यात आणला. मनापासून आभार.

पाण्याचं कुणी सांगाल का? इमारतीला कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे, बोअर पण आहे असं सांगतात.

हिप्परगा (रविवार, दुपारी ३.००)

ताई, सोलापुरात फ्लॅट बघायला गेलं की मी हॉल-बेडरूम नंतर बघतो, आधी हौद कुठंय विचारतो.

आपलं पाणी येतं उजनीवरून थेट पाइपलाइननं, भीमेतून टाकळीला, आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. धरण भरलेलं असलं तरी नळाला चार-पाच दिवसांआड येतं ही आपली वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळं नव्या घरात पाणी "आहे का" यापेक्षा "किती साठतं" हे बघावं लागतं.

हिशेब साधा आहे. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. तुमच्या १६ फ्लॅटना रोज ८,६४० लिटर. पाच दिवसांचे झाले ४३,२०० लिटर. आता टेप घेऊन जा, हौदाची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून १,००० नं गुणा, लिटर निघतील. हौद ४३ हजारांच्या निम्म्यानं असेल तर उन्हाळ्यात टँकर ठरलेला आणि त्याचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये दर फ्लॅटच्या वाट्याला. आता निम्मे फ्लॅट रिकामे असतील, म्हणून त्रास जाणवणार नाही. सगळे राहायला आले की कळतं.

बोअरचं पाणी त्या बाजूला जड आहे. नव्या चकचकीत नळांवर थोड्याच दिवसांत पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल क्षारानं भरते, डाळ शिजत नाही. बोअर आणि नळाचे पाइप वेगवेगळे आहेत का विचारा. फ्लशला बोअर आणि ओट्यावर नळाचं, एवढी सोय असली तरी निम्मा प्रश्न सुटतो. हौदाला घट्ट झाकण आहे का तेही बघा, साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात.

बार्शीलाईट (रविवार, सायंकाळी ६.१०)

वरच्या मजल्याबद्दल मी एक ओळ टाकून गेलो होतो, सविस्तर लिहितो, कारण आम्ही ते सोसलंय.

माळवदाच्या घरातून येणाऱ्याला याची कल्पना येत नाही. हातभर जाड माती वर आणि दोन-अडीच फुटांच्या भिंती, त्यामुळं दुपारी ४३ अंश असलं तरी तुमच्या आतल्या खोलीत सासूबाई निवांत झोपत असतील. स्लॅब पाच-सहा इंचांचा. तो दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर ती सगळी उष्णता खाली सोडत बसतो. रात्री बाहेर वारं सुटतं तेव्हाही आत भिंतीला पाठ लावली की चटका बसतो. पंखा गरम हवाच फिरवतो. आम्ही पहिला उन्हाळा गच्चीवर झोपून काढला, पण ७६ वर्षांच्या बाईंना गच्चीवर कसं नेणार?

उपाय आहेत. गच्चीवर वीटबंदी कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक केलेला असेल तर फरक पडतो. नसेल तर निदान उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुन्याचे हात. पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या असतील तर वर छज्जे हवेत. बाहेरची भिंत नऊ इंची विटेची आहे की सहा इंची ब्लॉकची विचारा. पण गच्ची सगळ्यांची असते, तिच्यावर काय करायचं हे सोसायटीत ठरतं आणि खालच्या तीन मजल्यांना वरच्याच्या तापाशी देणंघेणं नसतं.

माझं स्पष्ट मत, घरात म्हातारं माणूस असेल तर दुसरा मजला घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या.

सात_रस्ता (रविवार, रात्री ८.३०)

वेगळं मत मांडतो. नवंकोरंच कशाला? सात-आठ वर्षं झालेला चांगला फ्लॅट बघा. पडायच्या त्या भेगा पडून गेलेल्या असतात, गळती असेल तर डागावरून कळते, पाणी किती पुरतं हे शेजारी खरं सांगतात, सोसायटी झालेली असते, दाराशी झाडं सावलीला आलेली असतात. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून बोलायला बायका मिळतील. नव्या इमारतीत पहिलं वर्ष दोनतीन कुटुंबंच असतात, संध्याकाळी सगळा जिना सामसूम.

जुळे_सोलापूरकर (रविवार, रात्री ९.००)

@सात_रस्ता, पटतंय. फक्त एक, जुन्या इमारतींत लिफ्ट नाही किंवा बंद, पार्किंगला जागा नाही आणि वायरिंग एसीचा भार घेत नाही असं बरंच पाहिलं. आमच्या वेळी आम्ही यामुळंच नव्याकडं वळलो.

कुंभारीची_लेक (रविवार, रात्री १०.२०)

हा धागा वाचत होते, लिहू का नको करत होते. आमचं घर फ्लॅटवाल्यांसारखं नाही, पण नव्या घरात जाणं काय असतं हे आम्ही फार जवळून बघितलंय.

माझी आई विडी कामगार. पूर्व भागात एका खोलीत सहा जण, भाड्यानं. आई दारात बसून विड्या वळायची, कारण उजेड तेवढाच. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत झाली, त्यात आईच्या नावानं घर मिळालं. आईच्या नावानं. घरमालक येऊन सामान बाहेर टाकेल ही धास्ती तिच्या मनातून गेली, ती मी तिच्या चेहऱ्यावर बघितली. त्यानंतर तिनं कुणाशी वाद झाला तर मान खाली घातली नाही.

त्रास झाला नाही असं नाही. कारखाना, म्हणजे पानं-तंबाखू मिळतो आणि विड्या मोजून घेतात ती जागा, पूर्वी चालत होती. नव्या घरातून रिक्षा. हजार विड्यांच्या मजुरीतून भाडं वजा जायचं. उधारीवर देणारा वाणी मागं राहिला. कुणी आजारी पडलं की आधी शेजारीण यायची, इथं शेजारीण कोण हेच माहीत नाही. उघडं रान, एक झाड नाही, दुपारी पोरं घरात कोंडलेली. हे सगळं बदलायला वर्षं लागली. आई आणि तिच्या गल्लीतल्या बायकांनी दारात कडुलिंब लावले, धुण्याचं पाणी घालून जगवले. आता तिथं दुकानं आहेत, घरांवर दुसरे मजले आहेत, आई तिथून हलायला तयार नाही.

आता तिथंच रे नगर झालंय, ३०,००० घरांचं. त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. माझी मावशी तिथं गेलीय. तिला मी हेच सांगते की दार बंद करून बसू नकोस, आधी शेजारच्या चार घरी जाऊन ये.

कसब्यातली ताई, सासूबाईंना एकटं वाटेल ही तुमची भीती खरी आहे. राहायला जायच्या आधीच त्यांना दोनतीनदा तिथं नेऊन बसवा. ज्यांनी फ्लॅट घेतलेत त्यांच्यातलं कुणी त्यांच्या वयाचं आहे का शोधा. आईला पहिली मैत्रीण पाण्याच्या रांगेत मिळाली, तिच्याशी ती तेलुगूत बोलायची आणि दोघी हसायच्या, तेव्हापासून तिचं मन लागलं.

कसब्यातली (रविवार, रात्री ११.००)

ताई, तुमचं लिहिणं मी आईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, मी येऊन बघते."

कोर्टकचेरी (सोमवार, सकाळी ११.४५)

कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

१६ फ्लॅटची इमारत म्हणजे महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणात, नोंदणी हवीच. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर ती सक्तीची आहे. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, ताब्याची तारीख, जमिनीवरचं कर्ज हे सगळं स्वतः वाचा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात दोष निघाला तर कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. तक्रार तोंडी नको, लेखी आणि फोटोसह. नव्या घराचा हा फार मोठा फायदा आहे, जुन्या फ्लॅटच्या खरेदीत तो मिळेलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला. "चाव्या घ्या, प्रमाणपत्र येतंच आहे" या शब्दावर राहायला जाऊ नका. ते नसेल तर नळजोड, कर आकारणी, पुढं विक्री, सगळीकडं अडतं. जीएसटीचाही संबंध आहे. चालू बांधकामातल्या फ्लॅटला ५ टक्के, परवडणाऱ्या गटातल्याला १ टक्का (आपल्यासारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत). पूर्णत्वाचा दाखला झाल्यानंतर पहिला व्यवहार झाला तर जीएसटी नाहीच. आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

दिरांच्या प्लॉटबद्दल. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागात बरेच प्लॉट गुंठेवारीचे, म्हणजे लेआउट मंजूर न करता जमिनीचे तुकडे पाडून विकलेले आहेत. एनए (बिगरशेती) आहे का, मंजूर लेआउट आहे का, की नुसता स्टॅम्पपेपरवरचा व्यवहार आहे, हे आधी बघा. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना-भूखंडांना लागू झाला. नियमित करून घेतल्याशिवाय त्यावर एक वीट ठेवू नका. दोघं भाऊ मिळून बांधणार असाल तर हिस्सा आधी कागदावर येऊ द्या. नंतर प्रेम असतं, कागद नसतो, आणि मग नातवंडं माझ्यासारख्याकडं येतात.

बार्शीलाईट (सोमवार, दुपारी १२.१५)

प्लॉटवरच्या घराला एक मोठी जमेची बाजू आहे, गच्ची आपली. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सौर पॅनलला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि आपल्याकडं ऊन भरपूर. पॅनलखाली स्लॅबला सावलीही मिळते.

कसब्यातली (पुढचा रविवार, रात्री ९.१०)

सगळ्यांनी सांगितलेलं लिहून घेऊन आज चौघं जाऊन आलो, आईंना घेऊन.

हौद मोजला. ४ बाय ३, पाण्याची उंची सव्वादोन मीटर, म्हणजे २७,००० लिटर. हिप्परगा दादांचा आकडा समोर ठेवला तर बिल्डर म्हणाले दुसरा हौद करून देऊ. मिस्टरांनी "करारनाम्यात लिहा" म्हटलं, त्यावर आधी गप्प बसले, मग हो म्हणाले. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज अजून व्हायचाय. वॉचमनमामांनी सांगितलं की वरच्या दोन मजल्यांचा गिलावा गेल्या उन्हाळ्यात झाला आणि तेव्हा टँकर वेळेवर येत नव्हता. चौथ्या मजल्यावर हात फिरवला, हॉलच्या पश्चिम भिंतीची रेती खरंच हाताला आली. दुसऱ्या मजल्याची भिंत टणक आहे. तिथला एक फ्लॅट शिल्लक आहे, किंमत जरा जास्त.

आई लिफ्टमध्ये पहिल्यांदाच एकट्या उभ्या राहिल्या, हाताला धरू दिलं नाही. बाथरूममध्ये जाऊन दांडी धरून उठून-बसून बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या बंगल्यातल्या बाईंना विचारलं, "तुमच्याकडं नळ कधी येतो?" त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. परत येताना आई म्हणाल्या, यात्रेला मात्र पाचही दिवस कसब्यात राहायचं. तुळजापूर वेशीजवळ नणंद राहते, तिच्याकडं सोय होईल.

प्लॉटचे कागद कोर्टकचेरी दादांनी सांगितले तसे तपासले. लेआउट मंजूर नाही. दीर स्वतःच म्हणाले, आधी नियमित करून घेतो.

तर दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट, दुसरा हौद लेखी, आणि उरलेले पैसे भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर, असं ठरवलंय. पाडव्याला ताबा मिळणार नाही हे उघड आहे. उपअभियंता काका, समजा पावसाळ्याच्या तोंडावर मिळाला, तर रंग आणि फर्निचर लगेच करावं का?

निवृत्त_उपअभियंता (सोमवार, सकाळी ८.५०)

ठरवलंत ते योग्य केलंत.

वास्तुशांत करून राहायला जा, पण कपाटं भिंतीला पक्की ठोकायची घाई नको. आधी फक्त ओटा, देवघर आणि आईंची खोली. पहिला पावसाळा संपेपर्यंत बाहेरच्या भिंती मोकळ्या दिसत राहिल्या पाहिजेत, म्हणजे कुठं ओल येते, कुठं खार फुटतो ते कळेल. कपाटामागं गेलेली ओल दोन वर्षांनी बुरशीच्या वासानंच कळते. रंग साधा एक हात देऊन ठेवा, चांगला रंग दिवाळीनंतर. खिडकीच्या चौकटींच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर विशेष नजर ठेवा.

ताबा घेताना मीटरबॉक्सातलं आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघा, लाइट खटकन गेली पाहिजे. अर्थिंगचा खड्डा कुठंय ते विचारून घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी घालायला वॉचमनला सांगून ठेवा. फरशीवर नाण्यानं टकटक करत सगळ्या खोल्या फिरा, पोकळ वाजेल त्या फरशीवर खडूनं फुली मारा आणि चाव्या घ्यायच्या आधी बदलून घ्या.

हिप्परगा (सोमवार, सकाळी ९.३०)

दुसऱ्या हौदाचं माप करारात लिटरमध्ये लिहून घ्या ताई. नुसतं "अतिरिक्त हौद" असं लिहिलं तर हजार लिटरची टाकी ठेवूनही भागवता येतं. तुम्हाला किमान १७,००० लिटरचा हवा.

कसब्यातली (सोमवार, सकाळी ९.४५)

लिहून घेतलं, १७,०००. आज संध्याकाळीच मसुदा मागवतोय.